उठवणार कोण?

“पिऊन गटारात पडणाऱ्याचंही एक मत आणि माझंही एकच... हा कुठला न्याय, बुवा?”

जालिंदर भोईटे मठाच्या ओसरीवर उभ्यानंच बोलत होता. बसायचं त्याला सुचत नव्हतं.

दोन वेळा तो गावचा सरपंच झाला होता. तळ्यातला गाळ काढला, शाळेला खोल्या बांधल्या, दारूचं दुकान हटवलं. या निवडणुकीत मात्र गावानं त्याला पाडलं. आला बबन शेलार. दुकान परत आणतो, असं उघड सांगून निवडून आलेला.

राघोबुवा गादीवर बसून ऐकत होते. जालिंदर त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

“गाव चुकलं,” बुवा म्हणाले.

“चुकलं ना? मग एक शब्द टाका. तुमचा शब्द गाव मोडत नाही. उद्या बबन खुर्चीत बसायच्या आत पंचायतीला कुलूप ठोकतो.”

फाटकाबाहेर त्याची माणसं काठ्या घेऊन घुटमळत होती. एकाच्या हातात नवंकोरं कुलूप.

“आणि गावाचं काय?”

“गावाचं भलं मी करीनच. आजवर केलं नाही?”

“केलंस.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. गादीकडे बोट दाखवून म्हणाले,

“बस.”

“मी?... इथं?”

“बस. आजपासून मठात तुझा शब्द चालेल.”

जालिंदर घुटमळला. मग बसला. बुवा खाली, सतरंजीवर जाऊन बसले. स्वयंपाक करणारी कोंडाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“बोल,” बुवा म्हणाले. “मठाचं भलं कर.”

जालिंदरनं थोडा विचार केला.

“दारू प्यायलेल्या माणसाला उद्यापासून फाटकाच्या आत घ्यायचं नाही. पंगतीला तर नाहीच.”

“चांगला नियम आहे,” बुवा म्हणाले.

“माझा लेक पितो,” कोंडाबाई म्हणाली. “एक वेळ जेवतो, ते इथंच. त्याला मी कुठं पाठवू?”

“सोडायला सांग दारू.”

“सांगून सुटली असती तर...”

“नियम म्हणजे नियम, कोंडाबाई. तुझ्या लेकाच्याच भल्याचं आहे.”

बुवांनी तिच्याकडे मान वळवली.

“तुला पटलं?”

“नाही.”

“मग याला उठव तिथून.”

कोंडाबाई गोंधळली. एकदा बुवांकडे, एकदा गादीकडे बघत राहिली.

“मी कशी उठवू? मला कुणी विचारून थोडंच बसवलंय त्यांना!”



जालिंदरला बसवेना. बाहेर काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला, तसा तो दचकला.

“मी उठतो, बुवा.”

“मी तुला उठ म्हटलं नाही.”

“तरी उठतो...”

“आज आपणहून उठलास,” बुवा म्हणाले. “उद्या उठला नाहीस, तर तुला उठवणार कोण?”

जालिंदर तरातरा फाटकाशी गेला. कुलूप मागून घेतलं. “घरी जा,” म्हणाला. पोरं हुज्जत घालू लागली. एकानं त्याला तोंडावर भेकड म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. शेवटी काठ्या खांद्यावर टाकून ती निघून गेली.

तो परत आला तेव्हा कपाळावर घाम होता. चेहऱ्यावर समाधान कुठंच नव्हतं.

“बबन दुकान आणणार, बुवा. पोरं पुन्हा प्यायला लागणार.”

“हो.”

“आणि पाच वर्षांनी गावानं पुन्हा त्यालाच निवडलं तर?”

बुवांनी फाटकाबाहेर, गावाकडे बोट दाखवलं.

“तेव्हाही असाच तळमळत ये. पण माझ्याकडे नको... मत देणाऱ्यांच्या दारी जा.”