टाकीची सावली

भट्टीवाडीत झाड एकही नाही. उन्हाळ्यात घरांचे पत्रे तापले की माणसं खाटा घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत येतात आणि सावली सरकेल तशा खाटा सरकवत राहतात. दुपारभर कुणाच्या पाठीला आराम नसतो.

शहरात झाडं लावायची ठरली, तेव्हा नगराध्यक्ष दौलतरावांनी सगळी बंगल्यांच्या टेकडीवर नेली. वस्ती खवळली. समजूत घालायला ते संध्याकाळी येणार होते. इस्त्रीवाल्या मैनाबाईंनी हट्टानं दुपारची वेळ मागून घेतली.

दौलतराव टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. "हवा काय टेकडीवरच अडून बसते? तिकडची झाडं तुमचीही हवा शुद्ध करतील." बोलता बोलता ऊन मांडीवर आलं, त्यांनी खुर्ची सरकवली. ऊन पुन्हा आलं, त्यांनी पुन्हा सरकवली.

मैनाबाई म्हणाल्या, "पटलं साहेब. मग झाडं इथं लावा. हवा टेकडीवर येईलच."

"अहो, हवा येईल, पण सावली कशी येणार?" खुर्ची उचलता उचलता दौलतराव बोलून गेले.

"तेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," मैनाबाई म्हणाल्या. "म्हणून तर दुपारी बोलावलं."