वळणात उघडलेली झडप

“पण चाचा, आकडे खोटं कशाला बोलतील?”

दस्तगीरचाचा एका जुन्या चेनला ऑइल लावत होते.

मिरजेबाहेर माळावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज. डोंगरात, चिखलात पळवायच्या मोटारसायकली तिथे यायच्या. चाळीस वर्षं चाचा त्या नुसत्या कानानं ओळखत आले होते. पद्मजा चौगुले त्यांची शिष्या, कॉलेजात शिकून इंजिनिअर झालेली. नव्या गाड्यांत इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याच्यातला तक्ता लॅपटॉप लावून बदलायचा, हे काम तिच्याइतकं त्या भागात कोणाला येत नव्हतं.

आणि ते तिला माहीत होतं.

आज मात्र लॅपटॉप छातीशी धरून ती उभीच होती.

गाडी तिच्या धाकट्या भावाची, सन्मतीची. उद्या डोंगरावर शर्यत. सरावात एकाच डाव्या वळणावर तो दोनदा पडला होता. पहिल्या वेळी म्हणाला, गाडी आपोआप उसळली. पद्मजानं गाडीतली नोंद काढून पाहिली. त्या वळणात इंजिनाची हवेची झडप उघडलेली दिसत होती. आणि झडप उघडते ती ॲक्सिलरेटरची मूठ पिळली की.

घाबरून मूठ पिळतोस, असं तिनं त्याला चार मित्रांसमोर सांगितलं. त्यानं आईची शपथ घेतली. तिनं आलेख दाखवला.

मग त्याच्या कच्च्या हाताला सांभाळून घ्यावं म्हणून तिनं तक्त्यात तेवढ्या जागी पेट्रोल कमी केलं. दुसऱ्या दिवशी त्याच वळणात गाडी गपकन बंद पडली. सन्मतीचं कोपर सोलून निघालं.

तेव्हापासून तो घरात कोणाशी बोलत नव्हता. आपला हातच कच्चा, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. आज संध्याकाळी जाऊन शर्यतीतून नाव काढून घेणार होता. एकदा नाव काढलं की तो पुन्हा गाडीवर बसेल, असं पद्मजाला वाटत नव्हतं.

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. कुठला आकडा बदलू, एवढंच तिला विचारायचं होतं.

चाचांनी चेन खाली ठेवली. हात पुसले.

“सन्मती काय म्हणाला?”

“नाही पिळली म्हणाला.”

“मग?”

“मग काय… आलेखात दिसतंय ना.”

“हं…”

अगदी पहिला, हात न लावलेला तक्ता आहे का, असं त्यांनी विचारलं. होता. त्यानंतर ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘आता अंतिम’, ‘खरंच अंतिम’ असे आणखी सहा-सात होते. चाचांनी वाकून ती यादी वाचली.

“इतके अंतिम? बरेच मरण पावलेत की गं तुझ्याकडे.”

पद्मजाला हसू आलं नाही. तिनं पहिला तक्ता गाडीत घातला.

चाचांनी गाडी स्टँडवर घेतली आणि सुरू केली. इंजिन संथ चालू लागलं. ते मुठीपासून दूर, गाडीच्या डाव्या बाजूला आले. हँडलच्या टोकाला त्यांनी एक बोट लावलं आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं.

इंजिन एकदम ओरडलं.

पद्मजा दचकून मागे सरली. मुठीवर कोणाचाच हात नव्हता.

चाचांनी हँडल सरळ केलं. इंजिन शांत झालं. पुन्हा वळवलं. पुन्हा ओरडलं.

त्यांनी गाडी बंद केली.

“हे रुंद हँडल कधी बसवलं?”

“गेल्या महिन्यात.”

“कोणी?”

“…मी.”

“आणि केबल?”

केबल जुनीच होती. मुठीपासून झडपेपर्यंत जाणारी, आधीच्या अरुंद हँडलाच्या मापाची. हँडल पूर्ण वळलं की ती ताणली जायची आणि झडप स्वतःच ओढून उघडायची.

पद्मजानं त्या केबलवरून बोट फिरवलं.

“म्हणजे आकडे चुकले,” ती म्हणाली.

“नाही गं. आकडे खरं तेच बोलले. झडप उघडली, म्हणाले.” चाचा स्टुलावर बसले. “सन्मतीनं उघडली, हे तू म्हणालीस.”

बाहेर पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

मग पद्मजाची घाई सुरू झाली. लांब केबल कपाटात आहे, अर्ध्या तासात बसेल. मग गाडी त्या वळणावर दोनदा फिरवून पाहायची. नवी नोंद काढायची. ती समोर ठेवली की सन्मतीला पटेलच, संध्याकाळच्या आत सगळं होईल. बोलता बोलता तिनं फळीवरचा पाना उचलला.

चाचांनी तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला.

“हे राहू दे. केबलला वाईट वाटलेलं नाही.”