कावळ्यांचा फुटबॉल क्लब

पक्षी फुटबॉल खेळायचे, तेव्हाची ही गोष्ट. गावतळ्याकाठी कावळ्यांचा एक क्लब होता आणि तो पणजोबांच्या काळापासून न चुकता हरत आला होता. खेळ येत नव्हता असं नाही. पण काही मिळालं की एकट्याने घ्यायचं नाही, सगळ्यांना हाक मारायची, ही कावळ्यांची रीत. ती ते मैदानातही पाळायचे. चेंडू मिळाला की "काव काव" करून सगळ्यांना बोलवायचे. त्या सगळ्यांत समोरच्या संघाचे बगळेही यायचे आणि चेंडू घेऊन जायचे. आता काय बोलावं.

शेजारच्या कडुनिंबावरची साळुंकी हे बघून बघून वैतागली होती. त्यात म्हशींनी निरोप धाडला, "यंदाही हरलात तर मैदान आम्हाला सोडा. निदान आम्ही लोळू तरी."

"आज चोच मिटून खेळा रे बाबांनो," साळुंकीने बजावलं. कावळ्यांनी ऐकलं. शेवटपर्यंत बरोबरी राहिली. मग त्यांच्या कप्तानाला, डोमाजीला, चेंडू मिळाला. समोर गोल रिकामा. डोमाजी थांबला, त्याने मान वर केली आणि जीव तोडून "काव काव" केलं. बगळे धावत आले. चेंडू गेला, सामना गेला आणि संध्याकाळी म्हशी मैदानात येऊन बसल्या.

"अरे मेल्या, समोर गोल मोकळा होता," साळुंकी म्हणाली.

"होता ना, मावशी," डोमाजी म्हणाला. "इतक्या पिढ्यांत पहिल्यांदाच होता. मग तो एकट्याने कसा करायचा?"