तोरणातला बाण

पूर्वी पाषाणनगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका धनुर्धराच्या घरी जन्म घेतला. त्यांचे नाव असितक ठेवण्यात आले. वयात आल्यावर ते त्या राज्याचे धनुर्विद्येचे आचार्य झाले, आणि युद्ध लागले की धनुर्धरांच्या पथकाचे नायकही तेच असत.

त्या नगरात एक चाल होती. प्रत्येक धनुर्धर आपल्या बाणाला, पिसांच्या खाली, स्वतःच्या रंगाचा दोरा गुंडाळी. युद्ध संपले की राजाची माणसे रणांगणावर फिरून बाण गोळा करीत. जे मातीत किंवा झाडात रुतलेले सापडत ते मुकाट्याने कोठारात जात. जे माणसांतून उपसावे लागत ते धुऊन, पुसून, दोऱ्याचा रंग पाहून ज्याचे त्याला भरदरबारात परत दिले जात. मग तो बाण घराच्या दारावर तोरणात बांधायचा. मुलगी द्यायची झाली तर वधूपिता आधी मान वर करून तोरण बघे आणि मगच उंबऱ्याच्या आत पाय टाकी. मुलाचा स्वभाव कसा आहे हे विचारायचे पुष्कळदा राहूनच जाई.

असितकांचे तोरण सगळ्या नगरात दाट होते, इतके की चिमण्यांनी त्यात घरटे केले होते. परगावचे पाहुणे ते बघायला मुद्दाम येत. गंमत अशी की खुद्द असितक त्या दाराने कधी जात-येत नसत. मागे गोठ्याला लागून एक बुटके दार होते. तिथून वाकून, गाईच्या शेपटीचा फटकारा चुकवत ते ये-जा करीत. कोणी म्हणत, आचार्य फार विनयशील आहेत. कोणी म्हणत, उंबरा झिजेल म्हणून जपतात. खरे कारण त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही ते कोणाला सांगितले नाही.

एका वर्षी खिंडीच्या हक्कावरून डोंगरातल्या राजाशी युद्ध झाले आणि पाषाणनगराने ते जिंकले. बाण परत देण्याचा दिवस ठरला. त्याच दिवशी राजा असितकांना सेनापती करणार, ही बातमीही फुटली. बाजारात आनंदाला उधाण आले. दंडक नावाचा म्हातारा सैनिक पिंपळाच्या पारावर बसून आपली जुनी कथा पुन्हा सांगू लागला. तरुणपणी त्याने शत्रूकडचा एक राक्षसासारखा योद्धा लोळवला होता. दरवर्षी तो योद्धा वीतभर वाढत असे. लोक हसत आणि तरीही ऐकत.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी असितकांच्या मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. ती मेखला, त्यांचा शिष्य रोहक याची बायको. रोहक या युद्धात प्रथमच लढला होता आणि उद्या त्यालाही एक बाण मिळायचा होता.

‘‘तात, तुमचा शिष्य पाणी पीत नाही,’’ ती म्हणाली.

‘‘ताप आहे का त्याला?’’

‘‘ताप नाही. ओंजळ पुढे केली की हात थरथरतात. मी भांड्याने तोंडात ओतते तेव्हा डोळे मिटून कसेबसे दोन घोट घेतात. उद्या बाण घेणार नाही म्हणतात.’’

राजाने दिलेला बाण नाकारणे हा राजाचा अपमान समजला जाई. त्याची शिक्षा हद्दपारी होती. असितकांच्या मनात तेच आले असावे, कारण मेखला लगेच म्हणाली, ‘‘हद्दपार करू देत हो. संसार काय, दुसऱ्या गावी मांडता येतो. पण काल त्यांनी मला विचारलं, वडाखालचा डोह उन्हाळ्यातही खोल असतो का. ज्या माणसाला पाणी बघवत नाही, तो डोहाची चौकशी कशाला करेल?’’

असितक हातातले काम तसेच टाकून उठले.

रोहक सरावाच्या मैदानाच्या कडेला, कुंपणाला पाठ टेकून बसला होता. असितक त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. उन्हे कलली तेव्हा रोहक आपण होऊन बोलू लागला.

‘‘आचार्य, ओढ्यावर येईल त्याला टिपायचं अशी आज्ञा होती. मी झुडपात होतो. एक जण आला. ढाल खाली ठेवली, गुडघे टेकले, ओंजळ भरली. तुम्ही शिकवलंत तसा मी श्वास सोडला. हात जरासुद्धा हलला नाही. पाणी पिता पिता त्यानं वर पाहिलं. त्याला मी दिसलो असेन. ओंजळीतलं पाणी मात्र त्यानं सांडू दिलं नाही, आचार्य. तहानलेला होता हो तो.’’

रोहकने त्यांचा हात धरला.

‘‘माझा दोरा शेंदरी, तुमचा तांबडा. रक्त लागून धुतल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तो बाण तुमचा होता असं उद्या सांगा. मी घरी जाईन, मेखलेलाही तसंच सांगेन, मग हळूहळू मलाही ते खरं वाटेल. तुमच्या तोरणात इतके आहेत. एक वाढला तर तुम्हाला काय होतंय?’’

इतकी वर्षे ज्यांना पाहून ही मुले मोठी झाली त्या आपल्याविषयी त्यांची हीच समजूत आहे, हे असितकांना आज कळले. तरीसुद्धा त्यांना मोह पडला. एक शब्द बोलायचा होता. त्याने कोणाचे नुकसान नव्हते, एक जीव वाचत होता, आणि हा मुलगा त्यांना पोटच्या पोरासारखा होता. खोटे बोलण्याची इच्छा कधी कधी दयेचेच कपडे घालून येते. असितकांनी ती आलेली ओळखली आणि तिला वाटेला लावले.

‘‘बाण मी घेतला असता रे,’’ ते म्हणाले. ‘‘पण ज्यानं वर पाहिलं तो चेहरा तुझ्याकडेच राहणार. मी बाण घेऊन गेलो तर तू त्याच्यासोबत एकटा पडशील. आज निदान मला तरी सांगितलंस.’’

मग ते म्हणाले, ‘‘एक वाढला तर काय, म्हणालास. मी मागच्या दाराने का जातो ठाऊक आहे? पुढच्या दारातल्या तोरणाखालून मला जाववत नाही. मलाही वाटायचं, संख्या वाढली की मन निबर होईल. होत नाही. श्वास कसा सोडायचा ते मी तुम्हाला शिकवलं. त्यामुळे तुझा हात हलला नाही आणि तू जिवंत परत आलास, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण परत आल्यावर हे होतं, हे मी एकालाही सांगितलं नाही. आधी सांगितलं तर ऐन वेळी हात कापतील, अशी भीती होती. मग नंतरही सांगायचं राहिलं. माझ्या हाताखालची किती मुलं ओठ मिटून म्हातारी झाली असतील, कोण जाणे.’’

रोहक रडू लागला. असितकांनी त्याला रडू दिले. उठताना ते एवढेच म्हणाले, ‘‘डोहाचं काय ते उद्यानंतर ठरव. उद्या माझ्याबरोबर दरबारात ये.’’

सकाळी असितकांनी पुढच्या दारात चौरंग ठेवला आणि त्यावर चढून तोरण सोडले. घरट्यातली पिल्ले केव्हाच उडून गेली होती, तरी ते घरटे त्यांनी अलगद काढून कोनाड्यात ठेवले. बाणांची मोळी खांद्यावर घेऊन ते दरबारात गेले. मागे रोहक होता.

दरबार भरला होता. सिंहासनाजवळ एका तबकात सेनापतीचे पागोटे ठेवले होते. नायक म्हणून पहिले नाव असितकांचे पुकारले गेले. त्यांनी पुढे होऊन मोळी राजासमोर सोडली.

‘‘आचार्य, हे काय आणलंत?’’ राजाने विचारले.

‘‘माझं तोरण, महाराज.’’ असितकांनी एक बाण उचलला. ‘‘हा ज्याचा जीव घेऊन आला तो गवताची काडी चघळत उभा होता. हा दुसरा बाण ज्याला लागला त्याच्या पायात भलत्याच कोणाच्या तरी वहाणा होत्या, मापाला मोठ्या. पळताना अडखळला म्हणून सापडला. आणि हा तिसरा ज्याला लागला त्याने माझ्यावर भाला उगारला होता. त्याला मारलं नसतं तर आज मी इथे नसतो. तरी त्याचा चेहरासुद्धा बाकीच्यांइतकाच माझ्या लक्षात आहे.’’

दरबारात चुळबुळ सुरू झाली. राजाचा चेहरा उतरला. ‘‘आज आनंदाचा दिवस आहे, आचार्य. हे असलं ऐकल्यावर उद्या धनुष्य कोण उचलेल?’’

‘‘वेळ आली तर उचलतील, महाराज. हे सगळं ठाऊक असताना मीही उचललं. लढाई करायची नव्हती असं मी म्हणत नाही, आणि बाणही नाकारत नाही. माझाच आहे तो. पण तो हातात देताना आपण वाद्यं वाजवतो. त्या आवाजात घेणाऱ्याला काही बोलताच येत नाही. मग तो घरी जातो आणि जन्मभर बोलत नाही. ज्याला सांगायचं असेल त्याला इथे सांगू द्यावं, आणि आपण ऐकून घ्यावं. माझी एवढीच विनंती आहे.’’

राजाने सेवकाला नजरेनेच खूण केली आणि पागोट्याचे तबक आत गेले. असितकांनी ते पाहिले. ते जागचे हलले नाहीत.

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत दंडक पुढे आला. लोकांना वाटले, आता हा राक्षसाची कथा सांगणार. काही जण हसूही लागले.

‘‘माझा तो राक्षस नव्हता,’’ दंडक म्हणाला. ‘‘माझ्या खांद्याला लागेल एवढा होता. शस्त्र टाकून हात जोडत होता. मी घाबरलेलो होतो, मला थांबताच आलं नाही.’’ एवढे बोलून त्याने इकडेतिकडे पाहिले, जणू आता पुढे काय करायचे असते ते त्याला कोणीतरी सांगणार होते. मग तो तिथेच खाली बसला. असितकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हसणारे खाली बघू लागले.

रोहकचे नाव पुकारले गेले. तो पुढे गेला, दोन्ही हातांनी बाण घेतला आणि दरबाराकडे वळला.

‘‘तो पाणी पीत होता,’’ तो म्हणाला.

नगारा वाजवणाऱ्याने टिपरी उचललीच नाही. राजा पुष्कळ वेळ खाली मान घालून बसला. शेवटी हलक्या आवाजात त्याने पुढचे नाव पुकारायला सांगितले, आणि ज्याचे नाव आले त्याला तो म्हणाला, ‘‘काही सांगायचं असेल तर सांग बाबा.’’

असितक सेनापती झाले नाहीत. नगरातली सगळी तोरणे काही एका दिवसात उतरली नाहीत आणि काही उतरलीही नाहीत. पण असितकांचे पुढचे दार त्या दिवसापासून उघडे राहू लागले. युद्धावरून आलेला कोणीही त्या दाराने आत येई, ओसरीवर बसे, मनात असेल ते बोले किंवा नुसताच बसून जाई. असितक स्वतःही त्याच दाराने जाऊ-येऊ लागले.

रोहक डोहाकडे गेला नाही. त्याने धनुष्य ठेवून दिले आणि खिंडीच्या पायथ्याशी, त्या ओढ्याच्या काठावर पाणपोई घातली. मेखला रांजण भरी आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या ओंजळीत पाणी ओती. त्यात डोंगरातली माणसेही असत. मेलेला माणूस कोण होता, कोणाचा कोण होता, हे त्याला कधीच कळले नाही. समोर ओंजळ धरलेला डोंगरातला प्रत्येक माणूस त्याचा भाऊ असू शकत होता. पिणाऱ्याचे पिऊन होईपर्यंत रोहक आपल्या जागेवरून हलत नसे. त्याला पुन्हा गाढ झोप लागू लागली, असे मात्र कोणी सांगत नाही.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर भिक्षुसंघ बसला होता. त्यात सोनुत्तर नावाचा एक भिक्षू होता. तो पूर्वाश्रमीचा सैनिक. ध्यानाला बसला की त्याला मारलेली माणसे दिसत आणि तो उठून बाहेर जाई. कथा त्याच्यासाठीच होती.

शास्ते म्हणाले, ‘‘भिक्षूंनो, त्या वेळचा राजा आज आपल्याला या वनात आश्रय देणारा श्रेष्ठी आहे. दंडक म्हणजे आपला वृद्ध भिक्षू गवंपती, जो अजूनही थोडे वाढवून सांगतो.’’ गवंपतीसकट सगळे हसले. ‘‘मेखला आज भिक्षुणीसंघात आहे. रोहक म्हणजे सोनुत्तर. आणि असितक मीच होतो. दया मनात असताना सत्य न सोडणे, ही सत्यपारमिता मी त्या जन्मी साधली. पण त्यासाठी फार उशीर लावला, हेही मला आठवते. माझ्या तोरणातल्या बाणांनी ज्यांचे जीव घेतले त्यांतले काही जण आज इथे बसले आहेत.’’

सोनुत्तरने हात जोडून विचारले, ‘‘भदंत, आणि तो पाणी पिणारा?’’

‘‘तुझ्या शेजारी बसला आहे,’’ शास्ते म्हणाले.

शेजारी वप्पिल होता. दोघांची कुटी एकच होती. मागच्या उन्हाळ्यात सोनुत्तर तापाने फणफणला होता, तेव्हा वप्पिलनेच त्याला घोट घोट पाणी पाजून जगवले होते. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मग सोनुत्तरने थरथरत्या हाताने पाण्याचे कमंडलू उचलले, आणि वप्पिलने गुडघे टेकून ओंजळ पुढे केली.