महाराजांनी थोपवलेले छप्पर

केरोबा महाराज फिरत फिरत आडगव्हाणला आले ते माघात, आणि ओढ्याकाठच्या महादेवाच्या ओवरीत राहिले. अंगावर एक घोंगडी, हातात एकतारी. कुणी भाकरी दिली तर खायची, नाही दिली तर ओढ्याचं पाणी पिऊन निजायचं. बोलणं असं मऊ की रडतं पोर ऐकत बसावं.

त्या देवळाच्या सभामंडपावर पाटीच्या काळ्या दगडाचं उतरतं छप्पर होतं. पातळ फरश्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवलेल्या, प्रत्येक फरशी सागाच्या खुंटीवर टांगलेली, आणि सांध्यांवर शिशाच्या पट्ट्या. त्याची निगा सटवाजी पाथरवटाच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या. दर माघात सटवाजी वर चढायचा, फुटकी फरशी काढून आज्यानं साठवलेल्या दगडातून नवी घडवून बसवायचा, पट्ट्या लाकडी थापीनं हलक्या हातानं थोपटायचा. प्रत्येक थापीला एक नाम. महाराज खालून बघायचे आणि म्हणायचे, "सटवाजी, तुझी पूजा माझ्यापेक्षा उंचावर चालते रे!"

हे चिमाबाई देशमुखांना खुपलं. देऊळ त्यांच्या सासरच्या पूर्वजांनी बांधलेलं, पहिल्या नारळाचा मान त्यांचा. नवरा गेल्यापासून सगळं गाव त्यांनी जिभेच्या धाकात ठेवलेलं. आणि कौतुक कुणाचं, तर पाथरवटाचं!

एक दिवस वारा सुटला आणि पट्ट्यांची खालची टोकं टपटप वाजायला लागली. सटवाजी वर छपरावर होता. बाई देवळाच्या अंगणात उभ्या होत्या, भोवती पाच-सात बायका.

"सटव्या, वरच्या अंगाला खिळे आणि खालचं टोक मोकळं? खिळे संपले, की तुला कंटाळा आला?"

"बाईसाहेब, शिसं उन्हात वाढतं, गारव्यात आवळतं. दोन्ही टोकं ठोकली तर त्यानं जावं कुठं? खुंट्यांना रेटा बसंल. वडलांनी मला पहिलं हेच शिकवलं, एक अंग मोकळं सोडायचं."

"ऐकलंत का गं बायांनो? शिसं वाढतं म्हणे! मग बाळसं धरलं असेल. पाचवी पुजली का रे त्याची?"

बायका खो खो हसल्या. सटवाजी मान खाली घालून म्हणाला, "पुजतो बाईसाहेब. पण ठोकू नका, पाया पडतो."

"उतर खाली. आणि पुन्हा ह्या छपराला हात लावलास तर बघ."

तालुक्याहून दुसरा गवंडी आणला. त्यानं दोन दिवसांत सगळ्या पट्ट्या वरखाली खिळ्यांनी गच्च ठोकल्या. छप्पर वाजायचं थांबलं. बाई तोऱ्यात ओवरीपाशी गेल्या.

"बघा महाराज, आता कसं गप्प बसलंय!"

महाराजांनी वर पाहिलं. "गप्प बसलंय खरं, माय. पण सुखानं नाही बसलं. अजून वेळ आहे, सटवाजीला बोलाव."

बाईंनी नाक मुरडलं. गोसाव्याला छपरातलं काय कळतं, असं मनात म्हणत त्या घरी गेल्या. त्या एका पाठ फिरवण्याला पुढे त्या जन्मभर रडल्या.

फाल्गुन तापला, चैत्र त्याहून तापला. शिसं रोज उन्हात फुगत होतं आणि जायला वाट नाही म्हणून खुंट्या ढकलत होतं. खालून कुणाला दिसत नव्हतं. सटवाजीला मात्र कळत होतं. तो रोज देवळाबाहेर लिंबाखाली येऊन बसायचा आणि वर बघत राहायचा, जसं कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसावं.

चैत्रातल्या उत्सवाला सभामंडपात महाराजांचं कीर्तन. बायापोरांनी मंडप भरलेला. पुढे चिमाबाई, शेजारी थोरली सून, तिच्या मांडीवर चार महिन्यांचा नातू. दुपार कलली आणि आभाळ काळवंडून एकाएकी गारा कोसळल्या, लिंबाएवढ्या. तापलेलं शिसं आवळलं, खिळे तडतड तुटले, आणि एक फरशी नंदीपुढे येऊन फुटली.

बाहेरून सटवाजीची हाक आली, "महाराज! छप्पर निघालं!"

दार एकच, तेही अरुंद. किंकाळ्या उठल्या, पोरं पायाखाली येऊ लागली. महाराजांनी एकतारी खाली ठेवली. उभे राहिले. दोन्ही हात वर केले आणि थकल्या बैलाशी बोलावं तसे छपराशी बोलले, "थांब रे बाबा. तुझा काही दोष नाही, ठाऊक आहे मला. एवढी लेकरं बाहेर जाऊ दे."

आणि काय सांगावं! घसरत्या फरश्या जागच्या जागी थांबल्या. अर्ध्या सुटलेल्या, तिरक्या, कशाचाच आधार नसलेल्या. सटवाजी दारात उभा राहून एकेकाला बाहेर काढत होता. पोरं गेली, बायका गेल्या, सून नातवाला घेऊन गेली. चिमाबाईंचे पाय तेवढे हलेनात. डोक्यावर अधांतरी दगड आणि दगडांतून डोकावणारे ते खिळे. आपलेच. शेवटी सटवाजीनंच आत येऊन त्यांना हाताला धरून ओढलं.

त्यांनी उंबरा ओलांडला आणि सगळं छप्पर खाली आलं.

धूळ बसली. आत दगडांच्या ढिगाऱ्यात महाराज मांडी घालून बसलेले. भोवती हातभर जागा मोकळी, फुलासारखी. फक्त दोन्ही खांद्यांवर काळेनिळे वळ, हमालाला ओझ्याचे पडतात तसे.

चिमाबाईंनी धावत जाऊन त्यांचे पाय धरले. "महाराज, तुमच्यापुढे काय अवघड आहे? माझं चुकलं. हे छप्पर होतं तसं करा हो!"

महाराजांचे डोळे भरले. "माय, मी माणसं मागितली, देवानं दिली. छप्पर माझ्यानं नाही होत. ती विद्या माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे होती त्याला तू खाली उतरवलंस."

सटवाजी तोवर ढिगात बसून एकेक फरशी बोटानं वाजवून बघत होता. आठ-नऊशे फरश्यांतल्या जेमतेम साठ धड दिसत होत्या. तो दगड ज्या खाणीतला, ती त्याच्या आज्याच्या वेळीच बुजलेली, आणि साठवलेल्या दगडातले दोन-चार तुकडेच उरलेले.

"कितीला पुरतील?" बाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"गाभाऱ्याच्या दारावरच्या आडोशापुरत्या होतील, बाईसाहेब. मंडप आता उघडाच राहील."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. ज्या बायका तेव्हा हसल्या होत्या, त्या सगळ्या बघत होत्या. त्यांच्यादेखत चिमाबाई देशमुखांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि फुटक्या दगडांत सटवाजीच्या पायांवर डोकं ठेवलं.

तो दचकून मागे सरला. "असं नका करू बाईसाहेब! उठा."

पण त्या उठल्या नाहीत. पाठीवर उघड्या आभाळातून उरलेल्या गारा पडत होत्या, आणि कुणी त्यांना आडोसा धरला नाही. त्यांनाही तो नको होता.