उत्तर वेशीतला रांजण

कवडेपूर हे जुनं शहर, आणि ही त्याची उत्तर वेस. डाव्या हाताला पहारेकऱ्याची देवडी आहे, तीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण. इथली माणसं टपालाचं तिकीट जिभेनं ओलं करत नाहीत. पत्र घेऊन इथवर येतात, ओगराळ्यानं तळहातावर थेंबभर पाणी घेतात नि मग तिकीट चिकटवतात. असं का, ते विचारलंत म्हणून सांगतो. मला अक्षर येत नाही, ऐकलेलं तेवढं ठाऊक.

असं सांगतात, की या देवडीत ठकूबाई भोईण राहायची. नदीवरून घागरी आणून रांजण भरायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायची. सिदू पोस्टमन रोज इथं टेकायचा. ती म्हणायची, "पी बाबा. लोकांची सुखदुःखं वाहून घसा सुकतो तुझा."

मग आमची वेस तिकिटावर घ्यायचं ठरलं. फोटोवाला आला, म्हणाला, देवडी मोकळी हवी. जाणत्या मंडळींनी सिदूलाच पुढं घातलं, कारण ठकूबाई त्याचं ऐकायची.

"सिद्या, पुरलेला रांजण उपटू नये रे."

"दोन दिवसांचं काम, मावशी. मी परत पुरून देतो."

पहारीच्या दुसऱ्याच घावाला रांजण उभा तडकला. पाणी देवडीभर पसरलं. ठकूबाई गाठोडं बांधून नदीपलीकडं भाचीकडं गेली. सिदू म्हणाला, नवा रांजण आणतो, मग तुला न्यायला येतो. आज जाऊ, उद्या जाऊ, यात वर्ष सरलं. कुंभारवाडा तर त्याच्या रोजच्या वाटेवर होता.

तिकीट आलं तेव्हा शहरात पेढे वाटले. सिदू एक तिकीट घेऊन तिच्याकडं गेला. ती अंथरुणाला खिळलेली. डोळ्यांजवळ धरून तिनं ते पुष्कळ वेळ पाहिलं.

"वेस झ्याक आलीय," म्हणाली. "माणूस एक दिसत नाही. मग पाणी तरी कुणाला लागणार?"

"चल मावशी, रांजण आणतो मी."

"आता कुठं रे."

आठवड्यात ती गेली.

तेव्हापासून म्हणे सिदूच्या जिभेचा ओलावा गेला. त्यानं लावलेलं वेशीचं तिकीट पत्रावरून गळून पडायचं. शेवटी त्यानं आपल्या हातानं देवडीत नवा रांजण पुरला, नदीचं पाणी भरलं, आणि ही जागा पुन्हा मोकळी राहणार नाही अशी आण घेतली. त्या पाण्यानं तिकीट चिकटलं. लोक म्हणाले, ठकूबाईनं माफ केलं. सिदू मात्र तसं कधी म्हणाला नाही. हात चालले तोवर घागरी वाहत राहिला.

आजही घरोघरची पाळी लावून आम्ही हा रांजण भरतो. आणि आजही तुमच्यासारखे पाहुणे कॅमेरा घेऊन येतात, रांजण जरा झाकता का, म्हणतात. त्यांना आम्ही आधी पाणी देतो. मग नाही म्हणतो.