मेणाची होडी

समुद्राच्या अगदी कडेला असलेल्या एका ख्रिस्ती कोळीवाड्यात बस्त्याव नावाचा एक नाखवा राहत होता. त्याची होडी गावात सर्वांत मोठी, आणि आवाज होडीहूनही मोठा. त्या गावात एक जुनी रीत होती. मासेमारीचा हंगाम सुरू झाला की प्रत्येक घर चर्चमध्ये मेणाची एक छोटी होडी वाहायचं. वेदीपाशी मेणाची होडी शाबूत, तर समुद्रात खरी होडी शाबूत, अशी सगळ्यांची समजूत. इतरांच्या होड्या ओंजळीत मावतील एवढ्या असत. बस्त्याव मात्र आपली होडी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर घेऊन यायचा आणि सगळ्यांच्या पुढे ठेवायचा. न जाणो, गर्दीत देवाच्या नजरेतून सुटली तर!

त्या वर्षी बस्त्यावचे गुडघे धरले. तो घरी राहिला आणि त्याचा एकुलता एक मुलगा मिनिन पहिल्यांदाच होडी घेऊन समुद्रात गेला. गावातल्या बाकीच्या होड्याही गेल्या. आणि भर दुपारी, ध्यानीमनी नसताना, आभाळ काळंठिक्कर पडलं. दिवेलागणीसारखा अंधार झाला. घरांवरची कौलं उडू लागली. खाडीच्या तोंडाशी पाण्यात खडक होते. तिथे उंच बांबूवर गावाचा कंदील असे, आणि अंधारात तो पाहूनच होड्या खडक चुकवून आत येत. वाऱ्याने तो बांबू मोडला, कंदील फुटला आणि साठवणीच्या डब्यातलं तेलही वाळूत सांडलं.

बस्त्याव लंगडत, धडपडत चर्चकडे धावला. आपली होडी जागेवर आहे ना, एवढंच त्याला बघायचं होतं. दारातून आत पाऊल टाकताच त्याने वेदीकडे पाहिलं. वेदीपुढच्या होड्या नाहीशा झाल्या होत्या. एकट्या त्याचीच तेवढी उरली होती. बाजूच्या पडवीत चूल पेटली होती, तिच्यावर सणाच्या जेवणाचं मोठं पातेलं होतं, आणि त्यात साऱ्या गावाच्या होड्या वितळत होत्या! कातरिन नावाची म्हातारी इतर बायकांसोबत त्या मेणात गोणपाट बुडवून काठ्यांना गुंडाळत होती.

"कातरिन! देवाला वाहिलेलं मेण जाळतेस? येड लागलंय काय तुला?" बस्त्याव ओरडला.

"मशाली करतोय आमी, नाखवा. पोरांना वाट दिसायला नको?"

फादर पुढे आले. "सगळ्यांनी आपापल्या होड्या दिल्या, बस्त्याव. तुझा नवस तुझा. तू हो म्हटल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. पण एवढ्या मशाली फार वेळ पुरायच्या नाहीत."

बस्त्यावने झडप घालून आपली होडी छातीशी धरली. "माजा पोर हाय बाहेर! ही वितळली तर तो बुडंल!" मग तो कातरिनवर उसळला, "तुला काय जातंय बोलायला? तुजं कोण हाय समुद्रात?"

पडवीतल्या बायका जागच्या जागी थिजल्या. कातरिनचा नवरा आणि दोन्ही मुलगे एकाच वादळात गेले होते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शब्द तोंडातून सुटला आणि बस्त्यावला स्वतःचीच शिसारी आली.

कातरिन रागावली नाही. तिने पदराखालून एक मेणाची होडी काढली. जुनी, पिवळी पडलेली. पण तिच्यावर कुठे साधा चरासुद्धा पडला नव्हता.

"ही माज्या घरची," ती म्हणाली. "ते तिघं गेले त्या वर्षीची. बघ, कशी शाबूत हाय."

बस्त्याव बघतच राहिला. जन्मभर ज्या समजुतीवर तो निर्धास्त झोपत आला होता, ती त्या पिवळ्या होडीने एका क्षणात खोटी पाडली होती.

"आपला येशू मेणाच्या होडीत नाय बसला, नाखवा. खऱ्या होडीत बसला, खऱ्या वादळात, शिष्यांच्या संगती. तो माज्या पोरांसंगतीही होता. हे मला पटलं, तवा कुठं माजं मन थाऱ्यावर आलं." एवढं बोलून तिने आपली होडी पातेल्यात सोडली.

बस्त्याव पातेल्याजवळ आला आणि त्याने आपली होडी स्वतःच्या हाताने आत ठेवली. आधी डोलकाठी वाकली. मग होडी एका अंगावर कलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली. त्याने डोळे गच्च मिटले. "प्रभू, मिनिन तुझा. बाहेरचे सगळेच तुझे," तो पुटपुटला. बाहेर वारा तसाच घोंघावत होता. पण दुपारपासून उरात चाललेली धडधड थांबली. आपण इतके शांत कसे, याचं त्याला नवल वाटलं, थोडी भीतीही वाटली.

सगळा गाव मशाली घेऊन खाडीच्या तोंडाशी उभा राहिला. एकेक होडी आत येऊ लागली. दर होडीला बस्त्याव नाव विचारी, आणि दर वेळी ती दुसऱ्याची निघे. तरी तो मशाल वर धरून उभा राहिला. अखेर एका होडीचं उत्तर वाऱ्यात ऐकूच आलं नाही, ती तशीच आत गेली, आणि थोड्या वेळाने काठावरून धावत कुणीतरी मागून येऊन त्याच्या गळ्यात पडलं. मिनिन होता, नखशिखान्त भिजलेला.

"बाबा, आलो मी! ठेव आता ती मशाल. घरी चल."

बस्त्यावने त्याचा चेहरा चाचपला आणि तो लहान पोरासारखा रडला. पण मशालीचा हात काही खाली आला नाही.

"अजून दोन होड्या बाहेर हायत, पोरा," तो म्हणाला. "जा, तूही एक पेटवून आण. आणि त्या कातरिनआजीशेजारी उभा रहा."

शेवटची होडी काठाला लागली, तेव्हाच तिघांनी मशाली खाली ठेवल्या.

तात्पर्य: नवसाने देवाशी सौदा करू पाहणाऱ्याला शांती मिळत नाही; आपलं माणूस प्रभूच्या हाती सोपवून जो दुसऱ्यांसाठीही उजेड धरतो, त्याच्या मनातलं वादळ समुद्राच्या आधी शमतं.